गार्डबाबांची नीळ

बालाघाटात खोली शोधताना लोकांनी मला नाना प्रश्न विचारले. एकटी का राहता, मच्छी शिजवता का, गोंदियाहून कोण येतं-जातं. जात तर आडून आडून सगळ्यांनीच विचारली. गार्डबाबांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते फाटकात उभे होते. पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि खिशात घडी घालून ठेवलेलं एक हिरवं फडकं. मी दवाखान्यात डोळे तपासायच्या नोकरीवर आले आहे असं सांगितलं, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला.

"मंग एक शर्त आहे," ते म्हणाले. "माह्या डोळ्याइकडे पाहाचं नाही."

"म्हणजे?"

"म्हंजे बोलताना पाहा. तपासाच्या नजरेनं पाहाचं नाही. हे डोळे रेल्वेच्या डॉक्टरनं पास केलेले आहेत. दर खेपेले."

मी हो म्हटलं. खोली हवेशीर होती, आणि मी काही त्यांचे डोळे बघायला बालाघाटला आले नव्हते.

गार्डबाबा छोट्या लाइनीवर गार्ड होते. ती लाइन बंद पडली, रूळ उखडले, मोठी लाइन आली, पण बाबा काही त्या गाडीतून उतरले नाहीत. सकाळी मी कामाला निघाले की ते फाटकात यायचे, आधी डावीकडे बघायचे, मग उजवीकडे, आणि खिशातलं हिरवं फडकं काढून हलवायचे. त्याशिवाय घरातून कुणी हलायचं नाही, मग तो जावई असो की गॅसचा सिलिंडर आणणारा. एकदा लालबर्र्याला शिबिर होतं, मला उशीर झाला होता आणि मी झेंडीची वाट न बघता पळाले. संध्याकाळी बाबा माझ्याशी बोलेनात.

"बिनाझंडीची गाडी," ते आपल्या बायकोला, काकींना, उद्देशून, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "कोठी जाऊन धडकन सांगता येत नाही."

काकी तांदूळ निवडत होत्या. "धडकली नाही ना. आली ना घरी. चहा होऊन राह्यला, पाजा तिले."

काकी तिरोडीच्या. खाणीच्या गावात वाढलेल्या. तिकडे वाळत घातलेल्या कपड्यावर संध्याकाळपर्यंत काळी धूळ बसायची, म्हणून पांढऱ्याचं त्यांना फार कौतुक नव्हतं. बाबांना मात्र पांढऱ्याचं वेड. नोकरीत गार्डाचा पांढरा ड्रेस आणि नोकरी संपल्यावर विहारात जायचे पांढरे कपडे, म्हणजे आयुष्यभर माणसानं दुसरा रंग अंगाला लावला नाही. ते कपडे ते स्वतः धुवायचे. दर रविवारी अंगणात दोन बादल्या मांडायच्या, एकीत साबण, दुसरीत नीळ. नीळ थेंबाथेंबानं टाकायची, हातानं पाणी ढवळायचं, पुन्हा एक थेंब, पुन्हा ढवळायचं. जवळ कुणी गेलेलं चालायचं नाही.

"मले लग्नाले इतके वर्षं झाले," काकी म्हणायच्या, "पन या मानसानं आपल्या सदऱ्याले हात लावू देल्ला नाही. माह्या हाताले तिरोडीची धूळ आहे म्हने."

आमच्या गल्लीच्या टोकाला विहार होतं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, तिथं रोज संध्याकाळी वंदना आणि मग ग्रंथवाचन असायचं. वाचायचे बाबा. दुसरं कुणी वाचणारं नव्हतंच म्हणा. पोरं सगळी हिंदी शाळेतली. घरात मराठी बोलतील, पण मराठीचा मोठा ग्रंथ समोर ठेवला की अडखळतील. बायकांना ऐकायला मराठीच हवी. आजोळची, माहेरची भाषा त्यांना वर्षातून तीन महिने बाबांच्या तोंडून सलग ऐकायला मिळायची, आणि बाबा वाचायचेही असे की घाईत असलेला माणूससुद्धा बसून राहायचा. आवाज खणखणीत, मध्ये थांबे ठरलेले. वाचन संपलं की पुस्तक मिटून छोट्या लाइनीवरच्या स्टेशनांची नावं घेत म्हणायचे, "आज चरेगाव. उद्या लामता." मग सगळे हसत उठायचे.

मी राहायला गेले त्या वर्षी बाबांनी चष्मा टाकून दिला.

म्हणजे टाकला नाही, काकींना दिला. एका सकाळी ते पेपर घेऊन माझ्या दारात आले आणि शेवटच्या पानावरची बारीक अक्षरातली जाहिरात घडाघडा वाचून दाखवली. बिनचष्म्यानं. "कोन म्हनते म्हातारपनी नजर जाते? येते पन." हे सगळं कशामुळे, तर रोज पहाटे तोंडात पाणी भरून डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारल्यामुळे. आठ दिवसांत वॉर्डातले अर्धे म्हातारे गाल फुगवून नळावर उभे राहायला लागले.

मला तेव्हाच कळलं काय झालंय ते. शर्त मोडून कळलं असं नाही, धंद्यामुळे कळतंच. डोळ्यात एक भिंग असतं. तरुणपणी ते नितळ असतं. वयाबरोबर ते मधोमध घट्ट होत जातं, गढूळ होतं, पिवळं पडतं, पुढे तपकिरी होतं. हे इतकं हळू चालतं की ज्याच्या डोळ्यात चाललंय त्यालाच पत्ता नसतो, कारण काल आणि आज यात फरक काहीच नसतो. आणि भिंग असं घट्ट होत असताना मध्येच काही महिने जवळचं फार छान दिसू लागतं. म्हातारी माणसं खुश होतात. नजर परत आली, म्हणतात. ती परत आलेली नसते, ती निरोप घ्यायला आलेली असते. मी बाबांना हे जमेल तेवढं गोड करून सांगितलं.

"समजलं," ते म्हणाले. "सगळे असेच बरे झाले तं तुमचा दवाखाना बसन. म्हनून सांगून राह्यले तुमी."

जवळचं दिसत होतं, पण लांबचं जात चाललं होतं. गल्लीच्या टोकावरून येणाऱ्या माणसाला ते चालीवरून ओळखायचे आणि चुकले तर समोरच्यानं चाल बदलली असं म्हणायचे. एकदा त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या म्हशीला हिरवी झेंडी दाखवली. संध्याकाळी समोरून मोटरसायकल आली की ते कपाळावर हात धरून थांबायचे. आजकालच्या गाड्यांचे लाइट फुटके येतात, उजेड सगळीकडे सांडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी मी एकदा स्पष्टच म्हटलं, बाबा, मोतीबिंदू आहे.

"असला तं पिकू दे. कच्चा कोन तोडते?"

"बाबा, तो आंबा नाही. जास्त पिकू दिला की काढायला कठीण जातो."

"आंबा जास्त पिकला का आपोआप पडते," ते म्हणाले आणि विषय संपला.

मग नळाचं पाणी खराब झालं. म्हणजे बाबांच्या मते झालं. कपडे पिवळे पडायला लागले होते. आधी त्यांनी साबण बदलला, मग नगरपालिकेला नावं ठेवली, मग दोरी बदलून पाहिली. कशानंच पिवळेपणा जाईना. तेव्हा त्यांनी नीळ वाढवली. थेंबाची धार झाली. रविवारी ते बादलीवर वाकून कितीतरी वेळ बघत बसायचे, सदरा पाण्यातून काढून डोळ्यांजवळ न्यायचे, मान हलवायचे आणि बाटली पुन्हा तिरपी करायचे. पिवळं कापड नव्हतं, पिवळं त्यांच्या डोळ्यातलं भिंग होतं, आणि त्यातून बघणाऱ्या माणसाला निळा पुरेसा निळा कधी दिसतच नाही. पावसाळा सरला, हिवाळा गेला आणि उन्हाळ्यापर्यंत गार्डबाबा आभाळाच्या रंगाचे झाले.

आमच्या वॉर्डात कुणी कुणाची भीड ठेवत नाही. शेजारच्या वहिनी तर आलेल्या पाहुण्याला, जाडे झालात, असं पाण्याचा पेला देण्याआधी सांगतात. पण या बाबतीत सगळी गल्ली गप्प राहिली. बाबा निळ्याशार सदऱ्यात ताठ मानेनं विहारात यायचे, लोक जयभीम करायचे, बाबा पोरांना म्हणायचे, "पाह्य, पांढरं कसं असते." पोरं म्हणायची, "हौ बाबा." एकदा नागपूरहून व्याख्याते आले होते. त्यांनी भाषणात, निळा रंग अंगावर घेऊन बसलेल्या ज्येष्ठांना मी वंदन करतो, असं म्हटलं. बाबांनी मागं वळून पाहिलं.

"कोन आलता निळं घालून?" त्यांनी घरी येताना मला विचारलं. "पौर्निमेले पांढरं पायजे. लोकाइले काही समजत नाही."

मी म्हटलं, होतं कुणीतरी मागच्या रांगेत.

त्याच संध्याकाळी काकी माझ्या खोलीत आल्या. "तू काही सांगू नोको त्याइले," त्या म्हणाल्या. "याइच्या एका दोस्ताले डोळ्याच्या तपासनीत नापास केलतं. गार्डाच्या डब्यातून उतरवलं अन् ऑफिसात फाइली उचलाले बसवलं. तो मानूस मंग कोनाशी बोललाच नाही. तवापासून हे डोळ्याच्या डॉक्टरले भेतात. आता याइले समजलं का आपन असे दिसून राह्यलो, तं हे विहाराची पायरी चढनार नाही. अन् वाचन गेलं तं त्याइच्यात उरलं काय, सांग."

बाबांना झेंडी आणि वाचन याखेरीज तिसरं काही नव्हतं हे मलाही दिसत होतं.

पुढच्या वर्षावासात मी बायकांच्या बाजूला पुढे बसायला लागले. वाचन नेहमीसारखंच खणखणीत चाललं होतं. बाबा पुस्तक नाकाशी धरून वाचत होते. बरेच दिवस गेल्यावर माझ्या लक्षात आलं की पान उलटत नाही. आवाज पुढं जातोय, गोष्ट पुढं जातेय, पान मात्र तेच. आता जवळचंही गेलं होतं आणि बाबा इतक्या वर्षांच्या वाचनावर तोंडपाठ चालले होते. मी काकींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी ते वाक्याच्या मध्येच थांबले. पुढचं आठवेना. पुस्तक त्यांनी डोळ्यांजवळ आणलं, लांब नेलं, मग ट्यूबलाइटकडे उचललं. उजेडानं आणखीच वाईट झालं असणार, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या रांगेतली कॉलेजात जाणारी एक मुलगी अर्धवट उठली, तर तिच्या आईनं तिला हाताला धरून खाली बसवलं. सगळी मंडळी बसून राहिली. शेवटी बाबांनी पुस्तक मिटलं आणि समोर ठेवलं.

"गाडी स्टेशनाच्या बाहेर उभी आहे," ते म्हणाले. "सिग्नल दिसून नाही राह्यला."

मग म्हणाले, "ज्याले सिग्नल दिसत नाही त्यानं गाडी पुढं न्यायची नसते. नियम आहे." त्यांनी त्या मुलीकडे हात केला. "उद्यापासून तू वाच. अटकली तं या बाया सांगतीन." आणि मग, माझा आवाज नेहमी जिकडून यायचा तिकडे तोंड करून, पहिल्यांदाच मॅडम न म्हणता, "पोरी, शर्त मागं घेतली. पाह्य माह्ये डोळे."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तसंही त्यांना दिसणार नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी भिंग पाहून डोकं हलवलं. फार दिवस लावलेत, म्हणाले, टणक झालंय, वेळ लागेल. आधी उजवा डोळा करू, डावा नंतर. ऑपरेशनच्या दिवशी बाबा स्वच्छ धुतलेल्या निळ्या कपड्यांत आले. आत नेताना त्यांनी खिशातलं हिरवं फडकं माझ्या हातात दिलं. "झंडी आज तू दाखव." मी दारात उभी राहिले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि फडकं हलवलं. व्हरांड्यातले पेशंट माझ्याकडे बघत होते. बाबांना ते किती दिसलं कुणास ठाऊक, पण त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

घरी काकींचा वेगळाच घोर चालला होता. पट्टी निघाली की सगळ्यात आधी काय दिसेल, तर स्वतःची बाही. बाबा दवाखान्यात होते तेवढ्यात काकींनी उरलेले सदरे भिजवले, घासले, पुन्हा भिजवले. बादलीचं पाणी निळं होत राहिलं, पण सदरे काही पांढरे होईनात. "इतक्या दिवसाची नीळ," त्या थकून म्हणाल्या, "एका दिवसात कशी निघन." शेजारच्या वहिनी कुंपणावरून बघत होत्या. "राहू द्या काकी," त्या म्हणाल्या. "आमी पाहातो." काय पाहणार होत्या ते मला तेव्हा समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात मीच पट्टी काढली. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "तू तं लहान आहे," ते म्हणाले. "मले वाटलं मोठी बाई आहे." मग त्यांची नजर खाली गेली. त्यांनी बाही पाहिली, मग दुसरी बाही, मग पायजमा. मी काळा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि ऑटो बोलावली.

ऑटोत बसताना त्यांनी चष्मा उचलून विचारलं, "ऑपरेशन झाल्यावर सगळं निळं दिसते काय?"

"काही दिवस जरा निळसर दिसतं," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. पुष्कळांना दिसतं.

बाबांनी दवाखान्याच्या चुन्याच्या भिंतीकडे पाहिलं. "भिंत तं पांढरी आहे," ते म्हणाले.

त्यानंतर वाटभर त्यांनी दोन्ही हात काखेत घातले होते, बाह्या दिसू नयेत अशा. वर्षभर आपण कसे फिरलो, कुणाकुणासमोर बसलो, पोरांना पांढरं म्हणून काय दाखवलं, हे सगळं ते आठवत असणार. मला वाटलं, संपलं. डोळा मिळाला आणि माणूस गेला. आता हे घरातून बाहेर पडणार नाहीत.

गल्लीत वळल्यावर त्यांनी ऑटो थांबवायला सांगितलं.

गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर, प्रत्येक अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. सदरे, पायजमे, विहारात नेसायच्या बायकांच्या साड्या, शाळेतल्या पोरांचे शर्ट. एकही पांढरा नव्हता. काही फिकट निळे, काही गडद, घाईत नीळ ओतल्यामुळे काहींवर डागसुद्धा पडलेले. वहिनींच्या नवऱ्याचं धोतर तर आभाळालाही लाजवत होतं. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्या दिवशी निळीची एक बाटली शिल्लक नव्हती, हे मला नंतर कळलं.

बाबा उतरून उभे राहिले. त्यांनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यासमोर तळहात धरला आणि जुन्या डोळ्यानं सगळ्या दोऱ्यांकडे पाहिलं. मग तळहात जुन्या डोळ्यासमोर धरला आणि नव्यानं पाहिलं. पुन्हा जुन्यानं, पुन्हा नव्यानं. सिग्नल नीट वाचल्याशिवाय गार्ड हलत नाही. आपल्याला काय दिसत होतं आणि लोकांना काय दिसत होतं, ते त्यांनी तिथं उभं राहून ताडून घेतलं.

काकी फाटकात आल्या होत्या.

"सगळ्याइच्या कपड्याले काय झालं वो?" बाबांनी विचारलं.

"नळाचं पानी खराब आहे," काकी म्हणाल्या.

बाबांनी आपली बाही सरळ केली. मग म्हणाले, "हौ. मी तं कवाचा म्हनून राह्यलो."

डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं मी त्यांना दहादा बजावलं होतं. त्यांनी काळा चष्मा पुन्हा चढवला आणि त्याच्या खालून बोटानं काहीतरी पुसलं. मी रागावले नाही. माझ्या पांढऱ्या कुडत्यालाही वहिनींनी सकाळीच नीळ दिली होती, तो मी दोरीवर ओळखला.

पुढचे दिवस काकींनी फार सोसले. बाबांना कोपऱ्यातली जाळी दिसायला लागली, भांड्यांच्या कडा दिसायला लागल्या, भिंतीवरचा तेलाचा डाग दिसायला लागला. "याच्यापेक्षा आंधळे बरे होते," काकी मला म्हणाल्या आणि हसल्या. लांबचं लख्ख झालं, जवळच्यासाठी मात्र चष्मा पुन्हा लागला. नवा नंबर निघेपर्यंत जुनाच चालवायचा होता, आणि तो काकी वर्षभर तांदूळ निवडायला वापरत होत्या. मागून घ्यावा लागला. गाल फुगवून नळावर उभं राहायचं वॉर्डानं हळूहळू बंद केलं.

आश्विन पौर्णिमेला विहार भरलं. सगळी मंडळी नीळ घातलेल्या कपड्यांत दाटीवाटीनं बसली होती. त्या मुलीनं उठून पुस्तक बाबांसमोर ठेवलं. तिनं महिनाभर अडखळत वाचलं होतं आणि बायकांनी तिला शब्दाशब्दाला सावरलं होतं. बाबांनी काकींचा, म्हणजे आपलाच, चष्मा नाकावर ठेवला. मग लगेच वाचायला लागले नाहीत. चष्म्यावरून त्यांनी एकेका रांगेकडे पाहिलं, म्हाताऱ्यांकडे, बायकांकडे, पोरांकडे, आणि सगळ्यांना मोजून झाल्यासारखी मान हलवली. शेवटचा भाग त्यांनी सावकाश वाचला. त्या दिवशी पानं उलटली. एक पान उलटलं की माझ्या शेजारी काकी जरा सैलावून बसायच्या. वाचन झालं, खीर वाटली गेली, आणि बाबा म्हणाले, "पोहोचलो."

त्यानंतरच्या रविवारी मी माझ्या वरच्या खोलीतून पाहत होते. बाबांनी नेहमीसारख्या दोन बादल्या अंगणात मांडल्या, कपडे साबणातून काढले, पिळले. मग निळीची बाटली हातात घेऊन उभे राहिले. काकी ओट्यावर बसल्या होत्या. बाबा त्यांच्याजवळ गेले आणि बाटली पुढं केली.

"नीळ तू दे," ते म्हणाले. "मले अंदाज राह्यला नाही."

काकींनी हात पदराला पुसले. दोन्ही बाजूंनी, नीट. मग उठल्या, बादलीपाशी बसल्या आणि थेंब टाकून पाणी ढवळलं. सदरा बुडवला, वर काढून पाहिला. पुरे झालं होतं. पण त्यांनी बाटली पुन्हा तिरपी केली आणि थोडी नीळ जास्त दिली.

बाबा शेजारीच उभे होते. त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी काकींच्या हातून सदरा घेतला आणि दोरीवर पसरला.